वैशूच्या कानातली नळी

४ नोव्हेंबर १९८६
सांगते मी, लिहिते सून. ती शालन, हायस्कुलात मास्तरीण, मला अक्षर येत नाही. लिही गो. वैशूचा कान परत वाहिला. सहा वर्षांची नात. नीट ऐकू यावं म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरने पडद्यात इवलीशी नळी बसवली, वर्ष झालं. थेंब घालतोय तोवर कोरडा. बाटली संपली की चार दिवसांत उशी ओली. शाळेत बाई तिला मागे बसवतात, वास येतो म्हणून. मागे बसून ऐकणार काय, कपाळ?

९ नोव्हें.
कसालच्या डॉक्टरने पू तपासायला पाठवलेला. कागद आला: जंतू नाहीत. मग वाहतं ते काय, तीर्थ? माझ्या लुगड्याकडे बघून म्हणतो, घरातली म्हातारी माणसं कानात खोबरेल घालतात, त्यानेच होतं. शालन खाली बघत राहिली. हेही लिही. गाळलंस तर दुसऱ्याकडून वाचून घेईन.

१० नोव्हें.
जेवताना शालनला विचारलं, "तेल तूच घातलंस मा?" म्हणाली, दोनदाच, लसूण घालून, कोमट. पोर कळवळत होती. आणि आई, ह्यांच्या लहानपणी तुम्हीच घालायचात ना. घ्या. म्हणजे तेल तिचं, विद्या माझी. पण कान त्याआधीपासून वाहतोय, त्याचं काय?

१३ नोव्हें.
माठ घासला. पाणी रोज बदला, तुरटी फिरवा, आतला बुळबुळीत थर हलत नाही. पाणी दिसतं स्वच्छ. नारळाच्या सोडणाने, त्या केसाळ सालीने, खरवडावं लागतं. त्या नळीतही तेच असणार. तिथे सोडण कुठून घालणार? शालनचा लिहिता हात थांबला. "आई, ह्यां डॉक्टराक सांगूक व्हया." म्हटलं, तू सांग. माझं लुगडं बघून कान बंद होतात त्यांचे.

१८ नोव्हें. कोल्हापूर
शालन बोलली. तेलासकट. नळी घालणारा आत बघून म्हणतो, थर धरलाय खरा, औषध त्याखाली पोचत नाही. काढावी लागेल. पण मग पडद्यामागे परत पाणी साचून ऐकू कमी येईल कदाचित. नवी घातली तर तीही धरेल, न धरेल. तुम्ही ठरवा. मग वर्षभर थेंब कशाला घालायला लावले? विचारलं, तर घड्याळ बघितलं.

बाहेर बाकावर वैशूला विचारलं, नळी काढूया काय गो? तिला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या कानाशी जाऊन विचारलं.
"काढ. पण बाईंका सांग, माका फुडे बसवूक."
नळी काढायचा फॉर्म शालनच्या मांडीवर. सहीची जागा अजून कोरी.