पुढच्या बाकांचं ताट

१७ मार्च, रविवार

निवडून आले! पाळक एलियांनी नवीन पंचांची नावं वाचली, आणि शेवटी — "याकोबा, दवाखान्यातल्या नर्सबाई." मागच्या, आमच्या लोकांच्या बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या बाकांवर उंबू-रांबूंची, म्हणजे मालक-मालकिणींची, घराणी बसतात. तिथे सगळ्यांनी गीतपुस्तकात तोंडं खुपसलेली.

आई तिथेच होती, मोठ्या रांबूंच्या पायाशी, त्यांची सुपारीची पिशवी मांडीवर घेऊन. तिला बाक नाही. पन्नास वर्षं देवळात येते, पण खालीच बसते. तिनेही टाळी वाजवली नाही. हात गुंतले होते म्हणे!

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर सगळे नाकाला नाक लावून भेटत होते. मी उंबू तामूंसमोर गेले, मोठ्या रांबूंच्या मुलासमोर. त्यांनी बोटांची टोकं पुढे केली. मग पानसुपारीची टोपली फिरली. चौघा नवीन पंचांच्या हातात दिली, माझ्यासाठी पायरीवर ठेवली. मी उचलली नाही. "घे की, हात मोडलेत का?" असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा पिकला.

२० मार्च

पाळकसाहेब दवाखान्यात आले. मला वाटलं रक्तदाब वाढला असेल.

"याकोबाबाई, शुभ शुक्रवारी प्रभुभोजनाची भाकर वाटायला तुम्ही मागची बाकं घ्या. पुढची दुसरे पंच बघतील."

का?

"मंडळीत शांती राहावी म्हणून."

शांती! कुणाची शांती? आमची कधी कुणी विचारली? साहेब सावू बेटाचे, इथे येऊन तीनच वर्षं झाली, पण कुणापुढे किती वाकायचं ते पहिल्या महिन्यातच शिकले. मी म्हटलं, "ख्रिस्तात दास नाही, स्वतंत्र नाही, असं तुम्हीच शिकवता ना?" म्हणाले, "ते खरंच आहे. पण हळूहळू घ्यायला हवं." माझ्या आजीलाही हेच सांगितलं असणार. ती हळूहळू मेली.

२१ मार्च

अजून अंगाची आग आग होतेय.

२४ मार्च, रविवार

आईकडे गेले. रांबूंच्या मोठ्या घराच्या मागे, चुलीपाशी. माझ्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आहेत, ये म्हटलं तर येत नाही. मका कांडत होती. मी सगळं सांगितलं. तिचं मुसळ थांबलं नाही.

"त्यांच्यापुढे उभी राहून देणार तू?"

"मग काय बसून देऊ? तुझ्या हातचा भात खातात ना दोन्ही वेळा?"

"मी वाढते. वाढणं वेगळं, देणं वेगळं. देणाऱ्याचा हात वर असतो, पोरी."

म्हणजे विटाळबिटाळ काही नाही! उंबू तामूंचा नातू या माझ्याच हातात जन्मला, तेव्हा घाम पुसत म्हणाले होते, "देवाने धाडलं तुला." बाळंतपण म्हणजे चाकरी, ती चालते. भाकर देणं म्हणजे मान, तो चालत नाही. आणि वर आम्हाला 'घरातली माणसं' म्हणायचं! दास म्हणायला जीभ रेटत नाही, दास ठेवायला काही वाटत नाही.

निघताना आई म्हणाली, "मागची बाकं काय वाईट आहेत? तिथेही माणसंच बसतात."

२ एप्रिल

उंबू तामूंनी निरोप धाडला. मला नाही — आईला! मुलगी पुढच्या बाकांकडे आली तर त्यांचं घराणं देवळात येणार नाही. आणि आईसाठी विणवून ठेवलेलं कफनाचं वस्त्रही मिळणार नाही, मोठ्या रांबूंच्या थडग्यालगतची जागाही नाही.

आईची रडून रडून वाट लागली. "मला उघडी पुरशील का?" मी म्हटलं, वायंगापूच्या बाजारातून वस्त्र आणते, दहा आणते. "बाजारातलं? त्यावर घराची नक्षी नसेल तर माझी आई मला ओळखणार तरी कशी तिकडे?"

काय बोलणार! आयुष्यभर जिवंतपणी दाबलं, आता मेल्यावरही दावणीला बांधून ठेवायचं! नीच! नीच! लिहिते आहे तर लिहू दे. पाळकसाहेबांना काय वाटायचं ते वाटो.

४ एप्रिल

आईसाठी माघार घ्यावी का? एका रोग्याला सुई दोनदा टोचावी लागली. इतक्या वर्षांत कधी झालं नाही.

पण मी मागे सरले तर आईच्या कफनाची किंमत मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनी मोजायची. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

१० एप्रिल

पंचांची बैठक. मी सरळ सांगितलं — एक भाकर, एक मंडळी, तर बाकं वाटून घ्यायची नाहीत. पुढची मलाच हवीत. नाहीतर शुक्रवारी मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगेन की माझ्या हाती पुढचं ताट का नाही.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. शुक्रवारी वायंगापूहून वरचे धर्माधिकारी पाहुणे म्हणून येणार आहेत ना! शेवटी म्हणाले, "बरं. पुढची बाकं याकोबाबाईंची." इतकी वर्षं देवाच्या वचनाने जे झालं नाही, ते पाहुण्यांच्या भीतीने झालं. हसू की रडू?

मग सगळे गेल्यावर थांबवून म्हणाले, "मी भित्रा आहे, बाई. तुम्ही नसता तर हे झालंच नसतं." तेवढ्यापुरता राग निवळला. तेवढ्यापुरताच.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पुढची बाकं भरलेली. म्हणजे देऊळ सोडायची धमकी पोकळच! आई माझ्याकडे बघत नाही.

१८ एप्रिल

पंचांचा काळा पोशाख इस्त्री करून ठेवला. उद्या ते उठून गेले तर? ताट घेऊन रिकाम्या बाकांसमोर उभी राहीन. उभी राहायला काय जातं! पण निदान एकाने भाकर घ्यावी. एकाने.

१९ एप्रिल, शुभ शुक्रवार

कुणी उठलं नाही. मोठ्या रांबूंनी माझ्या डोळ्यांत बघून भाकर घेतली. उंबू तामूंनी दुसरीकडे बघत, पण घेतली. सगळ्या बाकाने घेतली.

मग मी खाली वाकले, आईसमोर. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई, घे ना."

"त्यांच्यादेखत नको गं."

मोठ्या रांबू म्हणाल्या, "घे." तरी नाही.

मी ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेले.