खालच्या आकड्यावरची झोळी

बेलेम,
१९ ऑक्टोबर

लाडक्या नाझिल्दाताईला देउझाचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे मुके.

मी सुखरूप पोचले. आईची तब्येत बरी आहे, भूक चांगली आहे, ऐकू मात्र तिला हवं तेवढंच येतं. वाल्देमीरदादाने ओसरीवर नवे पत्रे घातलेत आणि आल्यागेल्याला तो वर बघायला लावतो. मेरीमातेच्या मिरवणुकीला यंदा मुंगी शिरायला जागा नव्हती. तू बोटीवर पाठवलेली मासळी सगळी संपवली, पण मीठ किती घातलं होतंस गं! त्या मिठाने काय केलं ते पुढे सांगते.

हे फोनवर सांगता आलं असतं तर मी कागद खरडत बसलेच नसते. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लागतो. केलिआनी सूनबाई ऐकते, तिची आई ऐकते, शेजारीणसुद्धा मध्येच तोंड घालते. म्हणून पत्र. एकटीने वाच आणि चुलीत टाक.

मानाउसला बोटीवर चढतानाच माझं एका बाईशी वाजलं. तुला माहितीये, मिरवणुकीच्या दिवसांत झोपायच्या झोळ्या दोन थरांत बांधतात, एक खाली आणि बरोबर तिच्या डोक्यावर दुसरी. मी धावत जाऊन संडासाजवळच्या खांबाचा खालचा आकडा धरला. तेवढ्यात सत्तरीची एक वाळकी बाई, गळ्यात कापड मोजायची टेप, येऊन म्हणाली, "बाई, ही जागा मला द्या. मी दरवर्षी इथेच झोपते."

"बोट काय तुमच्या बापाची आहे?"

"नाही हो. पण मला खालीच झोपायला लागतं."

"मलाही खालीच लागतं."

"तुम्ही तरुण आहात, चढाल वर."

"अठ्ठावन्न पूर्ण झाली! दाखला काढून दाखवू?"

लोक हसायला लागले. ती वरच्या आकड्याला झोळी बांधायला लागली. बेन्विंदा तिचं नाव, मानाउसला कपडे शिवते. रात्रीतून दोनदा ती खाली उतरायची आणि पहाटे चारला, कोणी उठायच्या आत, पिशवी घेऊन तिसऱ्यांदा. दर वेळी तिचा पाय माझ्या झोळीला लागायचा आणि दर वेळी मी म्हातारीचा मनातल्या मनात उद्धार करायचे.

सांतारेमला बोट चार तास थांबली. केलिआनी डबा घेऊन आली, तू आली नाहीस. "सासूबाईंचे गुडघे," म्हणाली. तुझ्या घरापासून धक्का दोन गल्ल्यांवर आहे, ताई! मी इतकी चिडले की सगळी मासळी एकटीने खाल्ली आणि वर चार पेले लिंबूपाणी ढोसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, गुरुपा गावाच्या जवळपास, जाग आली तेव्हा मी भिजलेली होते.

हो, तेच. तीन वर्षं झाली. घरी मी जुने टॉवेल घेते, खाली प्लास्टिक घालते आणि सगळ्यांच्या आधी उठून धुऊन टाकते. बोटीवरही टॉवेल घेतला होता, पण त्या रात्री त्याचं काही चाललं नाही. माझी झोळी पांढऱ्या सुताची, तिच्यावर हा एवढा डाग. संडासाला रांग लागलेली, पोरं झोळ्यांखालून पळतायत आणि शेजारची विचारतेय, "उठत का नाही हो? बरं नाही का?" मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. नदीत उडी घ्यावी असं वाटलं गं मला.

तेवढ्यात बेन्विंदाबाई आली. खाण्याचं विकणाऱ्यांच्या होड्या बोटीला येऊन लागल्या होत्या, त्यांच्याकडून तिने असाईच्या फळांच्या गराचा भलामोठा वाडगा घेतला होता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, झोळीकडे बघितलं आणि अख्खा वाडगा माझ्या मांडीवर उपडा केला. थंडगार, दाट, जांभळाजर्द! आणि वर कपाळ बडवून ओरडायला लागली, "अगं आई गं! जळले मेले माझे हात! चांगली बाई रंगवून ठेवली मी!"

"म्हातारे, डोळे कुठे असतात?" कोणीतरी म्हणालं.

"गेले हो डोळे, कधीच गेले!"

डोळे गेले म्हणे! चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते ही बया. सगळी बोट तिला हसली आणि तिने हसू दिलं. मग रांगेतल्या बायकांना बाजूला सारत म्हणाली, "सरका, सरका, माझ्यामुळे झालंय, हिला आधी धुऊ द्या," आणि मला आत ढकललं. दाराच्या फटीतून एक काळी पिशवी आत आली. पिशवीत चड्डीसारखा पायातून चढवायचा डायपर, पावडरची डबी आणि गडद निळा घागरा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला खालचा आकडा ज्यासाठी हवा होता त्यासाठीच मलाही हवा होता. आणि माझ्या हट्टामुळे ती दोन-तीन रात्री वर टांगलेली, खाली मी! चुकून काही झालं असतं तर थेट माझ्या तोंडावर. पण एक थेंब पडला नाही, ताई. काय म्हणावं या बाईला!

दुपारी मी तिला म्हटलं, "तेव्हाच सांगितलं असतं तर जागा दिली असती."

"मग तू का नाही सांगितलंस?" म्हणाली.

अकरा वर्षं ती अशी हिंडते. सहा बाळंतपणं झाली, म्हणते, काहीतरी ढिलं पडणारच. संध्याकाळी पाचनंतर कॉफी नाही, पाणी घोटघोट. झोळीत खाली गडद चादर चौपदरी. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, पिशवीला दोन गाठी, नदीत टाकायचा नाही, धक्क्यावरच्या कचऱ्यात. औषधाच्या दुकानात सांगते, सासूसाठी हवेत. सासू मरून एकोणीस वर्षं झाली! दुकानदार अजून विचारतो, "सासूबाई बऱ्या आहेत ना?" आणि ही म्हणते, "आहेत, पण फार त्रास देतात." मी पोट धरून हसले. तीन वर्षांत या गोष्टीवर पहिल्यांदा हसले. डॉक्टरकडेही जा म्हणाली, औषधाने पुष्कळ जणींचं थांबतं, तिचं नाही थांबलं. म्हणून ती काही घरात बसली नाही. मिरवणूक नाही, बारसं नाही, लग्न नाही, काही म्हणून चुकवलं नाही. मला तिचा फार हेवा वाटला.

आता जे इतका वेळ टाळलं ते लिहिते. गेल्या नाताळात तुझ्याकडे राहिले, तेव्हा रोज पहाटे परसातल्या दोरीवर तुझी चादर वाळत असायची. गादीखालचं प्लास्टिकही मी बघितलं. मला नाही कळणार तर कोणाला? आणि तरी ईस्टरला, सगळं घर ऐकत असताना, फोनवर मी तुला दगडाच्या काळजाची म्हटलं. आई चार वर्षं वाट बघतेय आणि हिचे गुडघे दुखतात, असं म्हटलं. तू एक शब्द बोलली नाहीस. मी तुझी बाजू घेतली असती तर कोणीतरी विचारलं असतं, तुला कसं गं ठाऊक? माझी लाज झाकायला मी तुला सगळ्यांच्या तोंडी दिलं. ताई, मला माफ कर. नाही केलंस तरी ये.

कारण आईचं असं आहे. परवा ती म्हणाली, "नाझिल्दा माझ्यावर रागावलीय. मी तिचं काय केलं ते कोणीच सांगत नाही." एक्क्याण्णव वर्षांची बाई हे मनात घेऊन जाईल, आणि ते खरंही नाही.

म्हणून आज सकाळी मी तिला माझं सांगितलं. फक्त माझं, तुझं नाव काढलं नाही. ती माझा हात धरून म्हणाली, "नाझिल्दालाही का?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती हसत होती. "म्हणजे ती रागावलेली नाही," म्हणाली. दिवसभर तेच म्हणतेय. वाल्देमीरदादाला वाटतं, तिला भ्रम झालाय.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवतेय. बेन्विंदाबाईनेच इथल्या औषधाच्या दुकानातून ते भरून दिलं आणि वर तिच्या अक्षरात 'शिवणाचं सामान' असं लिहिलंय. केलिआनीसमोर उघडू नकोस. गुरुवारच्या बोटीने मी तुला घ्यायला निघतेय. धक्क्यावर आली नाहीस तर घरी येऊन दार वाजवीन.

काल रात्री आईच्या शेजारी, तिच्याच गादीवर, कोरडी झोपलेली
तुझी
देउझा