आईचा रकाना

कळंब तालुका,
नोव्हेंबर २००६

प्रिय नयन,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहून राह्यलो.

दवाखान्याच्या यादीसाठी रविवारीही उघड्या तुझ्या ऑफिसातून भांडून निघालो, त्याचं वाईट वाटतं. फिरता दवाखाना तिसऱ्या गटातल्या गावांना मिळणार आणि आपलं गाव पहिल्या, म्हणजे बऱ्या गटात! कॉम्प्युटरला काय समजते, असं तोंडाला येईल ते बोललो. तू मात्र शांतपणे सांगत होतीस, की जनगणनेतले शिक्षण, पाणी, वीज, कामकरी बाया असे आकडे घ्यायचे आणि ज्या गावांचे आकडे जवळजवळचे, ती एका गटात टाकायची. आई फरतड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका कापूस, वेगळी बांधते, तसंच की ते.

एसटीत तुझा कागद पुन्हा उघडला. आपल्या गावात शेतात राबणाऱ्या बाया म्हणे अकरा. राबणाऱ्या बाया कमी, म्हणून गाव बऱ्या गावांच्या जवळ गेलं. मला हसूच आलं. सकाळी आपल्या एकट्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, याहून जास्त जातात. मग आठवलं, २००१ मध्ये गाव मोजलं कोणी? मीच, मारोतराव गुरुजींनी. दुपारी घरोघर जायचो. दारात पुरुष भेटायचा. बाई काय करते विचारलं, की शेजारच्या किसनसिंगसारखा प्रत्येक जण म्हणायचा, काही नाही जी, घरीच रायते. बाई तेव्हा फरतड वेचायला गेलेली असायची. मी चहा घ्यायचो आणि घरकाम लिहून पुढच्या दारी जायचो. दीडशे घरं अशीच भरली.

आणि आपल्या घरी तर कोणाला विचारलंसुद्धा नाही. तुझी आई शकुबाई, घरकाम. फवारणीचं पाणी वाहून वाहून जिचा खोकला जात नाही, तिचं काम मी असं लिहिलं. रविवारी घरी पोचल्यावर तिला सांगून टाकलं. कापसातली काडी निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, मले विचारलं होतं काय? मी कोरी वही काढली.

चार दिवस संध्याकाळी पुन्हा घरोघर फिरलो. या खेपेला बायांनाच विचारलं. वही सोबत पाठवतो, एकशे त्रेचाळीस नावं आहेत. जनगणनेचे आकडे बदलत नाहीत, ठाऊक आहे. पण सोमवारी यादी पक्की व्हायच्या आत वही साहेबांपुढे ठेव, आणि चूक माझ्या वडिलांची, असं स्पष्ट सांग. लाजू नको. पहिली ओळ आईची आहे. कामाच्या रकान्यात 'शेती' हे तिनं स्वतः लिहिलं. मी फक्त पेन दिला.

तुझाच चुकलेला,
बाबा