रहिमतपूरचं ताट

तीर्थरूप तात्या,

तुमच्या अन् आईच्या पाया पडून जयराज लिहितोय. फोनवर बोलताना घरमालक मामा शेजारीच बसलेले असतात, म्हणून कागद घेतला.

मी बरा हाय. इंग्लंडात खोल्या लय महाग, पण मामांनी सांगलीकडचा पोरगा म्हणून अर्ध्या भाड्यात ठेवून घेतलं. बदल्यात कॉलेज सुटल्यावर त्यांच्या दुकानात राबतो. कॉलेजला चालत जातो, तेवढाच बसचा खर्च वाचतो. पासपोर्ट त्यांच्या कपाटात हाय, हरवू नये म्हणून. आईला हे सांगू नका.

तिचा गुडघा कसा हाय? उसाला तोड आली का?

एक इचारायचं व्हतं. निघताना आईनं ताटावर माझं नाव घालून दिलं, तशी नाव घातलेली तीन ताटं इथं फळीवर हायेत. मामा म्हणाले, "पोरं शिकली, गेली. ताटं इसरली."

तात्या, आईनं नाव घालून दिलेलं ताट कोण इसरतं का?

काल जेवण झाल्यावर मामांनी माझं ताट स्वतः घासलं अन् त्या फळीवर चौथं लावलं.

एका ताटावर 'चि. सुमंत शेलार, रहिमतपूर' असं हाय. तिथं पावण्यांकडं जाल तवा त्याचं घर शोधा. सुमंत परत आलाय का, एवढंच इचारा.

आला असंल, तर फोनवर मला म्हणा, आईचा गुडघा बरा हाय. नसंल, तर गुडघ्याचं काय बोलूच नका.

तुमचा,
जयराज