कोऱ्या सुताचं तोरण

अमरावती
दि. ३ नोव्हेंबर २००६

ती. आत्याबाईस,
मैनाचा सप्रेम जयभीम वि. वि.

आधी माझी चूक दुरुस्त करते, मग खुशाली लिहिते. ४ ऑक्टोबरच्या पत्रात मी तुम्हाला कळवलं होतं की वच्छलावहिनीने प्रीतमदादाने विणलेलं सुताचं तोरण कात्रीने कापून टाकलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. हे खरं नाही. दसऱ्याला दुपारी मी घरात शिरले तेव्हा दारावर तोरण नव्हतं, वहिनी जमिनीवर बसली होती, तिच्या मांडीवर सुताचा ढीग होता आणि शेजारी कात्री होती. पाहिलं ते एवढंच. तिला मी काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी अमरावतीला परतले आणि उरलेलं सगळं मनाने जोडून तुम्हाला लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर वहिनी नव्हती. आठ दिवसांपूर्वीच ती मूर्तिजापूरला, माहेरी गेली असं बाबांनी सांगितलं. का गेली ते सांगेनात. शेवटी मी त्यांच्यासमोर तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा विषय काढला, तेव्हा ते बोलले. तोरण काढायला त्यांनीच सांगितलं होतं.

तुम्हाला आठवत असेल, दादाने त्या तोरणात कापसाच्या बोंडांची वाळकी टरफलं ओवली होती. वारा सुटला की ती चौकटीवर वाजत. बाबांना वाटे, दादा कडी वाजवतोय. दिवसातून चार-पाचदा ते उठायचे, दार उघडायचे, परत येऊन बसायचे. दहा महिने हे चाललं. वहिनी हे रोज पाहत होती. मग दसऱ्याच्या दुपारी तेच म्हणाले, ते काढ आणि चुलीत घाल. तिने काढलं, पण चुलीत घातलं नाही, गाठी सोडवत बसली. मी पोचले ती नेमकी त्या वेळी.

आत्याबाई, तुम्ही गावी जाऊन तिला जे बोललात ते माझ्या पत्रामुळे. दोष माझा आहे. ३ डिसेंबरला दादाला वर्ष होईल. त्या दिवशी पुण्यानुमोदनाला त्याची बायको त्याच्या घरात नसेल, हा विचार मनातून जात नाही. डी.एड.चे सराव पाठ सुरू आहेत, त्यात मन लागत नाही. काल पाठ घेताना एकच वाक्य फळ्यावर दोनदा लिहिलं, मुलं हसली.

गावाकडे यंदा लाल्या रोगाने कपाशीची पऱ्हाटी गेली. वेचणी दोनदाच झाली. बाबांची तब्येत बरी आहे. तुमच्या गुडघ्यांना तेल लावत जा. पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या फलकला सांगा, हे बातम्यांसारखं वाचू नको, हळू वाच.

रागावलात तरी पत्र पाठवा, एवढंच मागते.

तुमची भाची,
मैना

*

अकोला
दि. ८ नोव्हेंबर २००६

चि. मैनास,
पार्बताबाईचा आशीर्वाद. हात फलकचा, बोल माहे.

तुही चिठ्ठी फलकनं दोनदा वाचली. पह्यल्यांदा मले वाटलं, पोरगी दुसऱ्या कोणाची वाचून राहिली. दुसऱ्यांदा ऐकली आन् मंग कपातला च्या तसाच थंडा झाला.

मी त्या दिवशी बसमधून उतरली ते तशीच दारात गेली. पाणी बी नाही घेतलं. वच्छलाले म्हटलं, "माह्या भाच्याचे हात कापले तू." गल्लीतल्या बाया भांडे टाकून आल्या होत्या, त्याह्यनं ऐकलं. पोरीनं मान खाली घातली, तोंडातून शब्द नाही काढला. मी समजली, चोरी पकडली म्हणून गप. तुहा बाप देवमन बाजीवर बसला होता, तोही गप. मी समजली, पोराच्या दुःखानं गप. आता तू म्हणतं, त्यानंच काढाले लावलं होतं. मोठी बहीन दारात उभी राहून त्याच्या सुनेले बोलून राहिली आन् हा माणूस कावून नाही बोलला? त्याले इचारजो. मी इचारलं तं भांडन होईन.

मैना, तुह्यावर रागवाले मले जागा नाही. मले अक्षर येत नाही. आपल्या घरात शाळेत गेलेली तू पह्यली. तुही चिठ्ठी आली की मी हात धुऊन बसतो ऐकाले. तोंडानं कोणी सांगितलं असतं तं मी दहा ठिकाणी इचारलं असतं. पन कागदावर होतं. कागदावर लिहिलेलं चुकीचं असू शकते, हे मले ह्या उमरीत मालूम पडलं.

आता मी काय करू? मले बोलता येते, बोललेलं परत घेता येत नाही. कोणी शिकवलंच नाही. पन एक लिहून ठेव. वर्षाच्या दिवशी वच्छला त्या घरात नसली तं मी बी पाय ठेवत नाही.

माया असू दे. तूही जेवत जाय, मागच्या वेळी हाडं दिसत होते.

तुही आत्या

(मैनाताई, फलकचा सलाम. आत्यांना न सांगता खाली लिहिते. ऑक्टोबरचं पत्र मी अंगणात वाचलं होतं, सात-आठ बायका होत्या. तुम्ही बातम्यांसारखं म्हणता ना, अगदी तसंच वाचलं. प्रीतमभाईंनी आमच्या घरी पण एक तोरण दिलं होतं. अम्मी म्हणाली होती, यात हिरवा धागा टाक ना. ते हसून म्हणाले होते, निळा टाकला तर माझं होईल, हिरवा टाकला तर तुमचं, भगवा टाकला तर समोरच्यांचं. कोरं राहू द्या, कुठेही लागेल. परवा आत्या आमच्याकडे आल्या आणि त्या तोरणासमोर बराच वेळ बसल्या. वहिनींचा मूर्तिजापूरचा पत्ता मागे लिहिला आहे.)

*

मूर्तिजापूर
दि. १५ नोव्हेंबर २००६

मैनाताईंना,
वच्छलाचा जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आत्याबाईंना लिहिलं त्याची नक्कलही मिळाली. मी चौथीपर्यंतच शिकले, चुका पोटात घाला.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. कात्रीने मी फक्त खिळ्याची सुतळी कापली. खिळा गंजला होता, सुतळी त्यात रुतली होती. सुताला कात्री लावली नाही. गिरणीत सुताचा कोन संपला की तळाशी उरलेलं सूत तुमचे दादा नांदगाव पेठेहून रोज खिशात घालून आणायचे, मूठभर, कधी तेवढंही नाही. ते तोरण पुरं व्हायला सहा महिने लागले होते. ते चुलीत कसं घालू? गाठी सोडवल्या तर बाबांना दिसणार नाही आणि सूतही राहील, असा विचार केला.

सोडवायला चार दिवस लागले. मधल्या फुलाची गाठ त्यांनी मला कधी दाखवली नव्हती. म्हणायचे, एवढी एक मला राहू दे, नाहीतर तू मला कामावरून काढशील. सोडवताना कळलं, ती मागच्या बाजूने सुरू होते. आता येते मला. सूत मात्र सरळ होत नाही. पाण्यात भिजवून पाहिलं, खाली वजन बांधून पाहिलं. जिथे गाठ होती तिथे वळण राहिलंच आहे.

तुमच्यावर राग आहे. नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण तुम्ही चूक कबूल केली ते मी आईला वाचून दाखवलं. ती रडली आणि म्हणाली, आता जा. मी नाही म्हटलं. त्याचं कारण सांगते.

आत्याबाई बोलल्या ते गल्लीने ऐकलं. तुमची दुरुस्ती ऐकली ती आत्याबाईंनी, फलकने आणि माझ्या आईने. मी निघाले त्या सकाळी हापशीवर एक बाई दुसरीला म्हणाली, "नवऱ्याची एक वस्तू होती, तीही ठेवली नाही हिनं." मला ऐकू जावं असंच बोलली. मी घागर भरली आणि आले. बाबांनी काढायला सांगितलं हे तेव्हा मला सांगता आलं असतं. आत्याबाईंनाही सांगता आलं असतं. पण मैनाताई, त्या म्हाताऱ्याने पोरगा गमावला आहे. पोराची आठवण बापालाच सोसवेना, हे मी गल्लीला कसं सांगू? माझ्याकडून नाही होणार.

म्हणून तीन तारखेला मी इथेच वंदना घेईन. त्यांचा एक फोटो माझ्याजवळ आहे. बाबांना रात्रीची गोळी कपाटाच्या वरच्या खणात आहे हे सांगा, ते खालच्या खणात शोधतात.

लोभ ठेवायचा की नाही ते तुमच्यावर सोडते.

वच्छला

*

अमरावती
दि. २० नोव्हेंबर २००६

प्रिय वहिनी,
मैनाचा जयभीम वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी पाठाला दांडी मारली आणि दर्यापूरच्या गाडीने घरी गेले. हा शब्द तुला आवडणार नाही, पण रजेचा अर्ज दिला नव्हता, म्हणून दांडीच.

बाबा अंगणात उपटलेल्या पऱ्हाटीच्या जुड्या बांधत होते. गोळी सापडत नाही म्हणून दोन दिवस घेतलीच नव्हती. मी आधी गोळी दिली, मग तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने पोरगा गमावला, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी हातातली जुडी सोडली आणि तीच परत बांधली. जुडी काही सैल नव्हती.

मी त्यांना माझा बेत सांगितला. बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून वहीवर लिहून नेला होता, तो वाचला. रविवारी विहारात वंदनेला आपल्या गल्लीतल्या बहुतेक बाया येतात. तिथे उभं राहून मी माझं ऑक्टोबरचं पत्र वाचणार, फलककडून ते मागवून घेतलं आहे. मग ३ नोव्हेंबरची दुरुस्ती वाचणार. तुझं पत्र वाचणार नाही, ते तुझं आहे. पण दुरुस्ती वाचायची तर बाबांचं नाव त्यात येतं. ते गाळलं तर मी पुन्हा अर्धंच सांगेन, आणि अर्धं सांगून काय होतं ते आपण पाहिलं. म्हणून त्यांची परवानगी मागितली. नाही म्हणाले असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. दोन रात्री मी त्याचाच विचार करत होते.

 आत्याबाई आल्या तेव्हा का गप्प राहिलात, हेही मी विचारलं. म्हणाले, पोराचं तोरण बापानं काढलं हे बहिणीसमोर तोंडातून निघालं नाही, आणि वच्छला बोलत नाही तोवर आपणही बोलू नये असं वाटलं. ती आपल्यासाठी गप्प आहे हे तेव्हाही कळत होतं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी एवढंच बोलले, "वाच तू. मी बसतो का उठून जातो, ते मले आता सांगता येत नाही."

आत्याबाईंनी फलककडून एक ओळ लिहून पाठवली आहे, तीही वाचायला सांगितली आहे. 'मी दारात बोलली ते चूक बोलली.' बस एवढंच. खाली अंगठा आहे. फलक लिहिते की शाई लावल्यावर त्यांनी अंगठा दोनदा पुसला आणि तिसऱ्यांदा उमटवला.

वहिनी, तू ये असं मी लिहीत नाही. ते म्हणायचा हक्क मी घालवला आहे. वाचून झालं की त्याच दिवशी बसने मूर्तिजापूरला तुझ्याकडे येते आणि कोण बसलं, कोण उठलं, हापशीवरची ती बाई काय म्हणाली, सगळं सांगते. त्यानंतर तीन तारखेला कुठे वंदना घ्यायची ते तू ठरव. तू तिथेच राहिलीस तर मी तुझ्याशेजारी बसेन. बाबा घरी एकटे बसतील. त्याचाही विचार करून झाला आहे.

मला भीती वाटते. चाळीस मुलांपुढे माझा आवाज चिरकतो, इथे तर सगळे मला लहानपणापासून ओळखतात. शिकलेली पोरगी म्हणून मला पुढे बसवतात, तिथूनच उठायचं आहे.

राग राहू दे, तो तुझा आहे. पण दार उघड, एवढं मागते.

तुझी नणंद,
मैना

ता. क. विहारातली वंदना सकाळी नऊला सुरू होते. ती संपली की लोक उठायच्या आत मी वाचायला उभी राहीन. रविवार, २६ नोव्हेंबर.