पुण्याच्या कॉलेजात जाण्याआधी

२ जून, सकाळी
एफवाय बीएस्सीचा निकाल. कॉलेजात पहिली आले. आनंद झाला नाही. या कॉलेजात पहिलं येणं म्हणजे गटारातला सगळ्यात स्वच्छ बेडूक ठरणं.
निश्चय: सेकंड इयर पुण्यात. तिथल्या नामांकित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बाहेरच्या मुलांसाठी थोड्या जागा असतात. त्यातली एक माझी.
पप्पांना सांगितलं. चौथीपर्यंत त्यांनी मला शाळेत न घालता घरीच शिकवलं, त्यामुळे माझा पाया वेगळा आहे. ते म्हणाले, प्रार्थना कर. नॅथन म्हणाला, "ताई, पुण्यात मेसला बाजरीची भाकरी मिळत न्हाई, परत येशील." धाकटा भाऊ. बुद्धी भाकरीपुरतीच.

५ जून
अर्जासोबत निबंध द्यायचा आहे: कॉलेज का बदलायचं? सगळं खरं लिहिलं. केमिस्ट्री लॅबच्या बेसिनमध्ये चहाचा चोथा. लॅबच्या गच्चीवर कुणाच्या तरी घरच्या कुरडया वाळत असतात. डिस्टिल्ड वॉटर ऑफिसच्या इन्व्हर्टरला जातं. आमचे एचओडी आदिनाथ सर पिवळ्या वहीतून नोट्स सांगतात, दोन पानं चिकटली असली की मधला भाग सिलॅबसमधून गेला.
किळस. लिहिताना मध्येच उठून हात धुतले.

६ जून
मन खातंय. पप्पांचा पहिला धडा: ज्याच्याबद्दल बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोलायचं. सरांबद्दल त्यांच्या पाठीमागे लिहिणं म्हणजे चहाडी. निबंध उद्या त्यांनाच दाखवणार. त्यांचं शिफारसपत्रही हवंच आहे. एका फेरीत दोन्ही कामं.

७ जून
दाखवला. सरांनी सावकाश वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. म्हणाले, "कुरडया आमच्याच हायेत." मग म्हणाले, "बाई, तू पुण्यालाच जा." केवढं मोठं मन! शिफारसपत्रात एकच वाक्य लिहिलं: ही विद्यार्थिनी प्रामाणिक आहे. जास्त स्तुती केली तर खोटी वाटेल म्हणून थांबले असणार.

११ जून
इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. म्हणजे झालंच. लगेच टीसी काढायला गेले. माझी मैत्रीण जया म्हणाली, "येडी का गं तू? आधी तिकडचं पक्कं होऊ दे, मग काढ ना." तिला तत्त्व समजत नाही. मन पुण्यात आणि नाव इथल्या मस्टरवर, हा सरळ सरळ खोटेपणा आहे.
एरवी साध्या बोनाफाईडला आठवडा लावणाऱ्या ऑफिसने टीसी उभ्या उभ्या दिली. सर स्वतः सही करायला खाली आले. इथे माझ्याविषयी आदर होता, हे उशिरा कळलं.

१५ जून, रविवार
लाज. चर्चच्या उपासनेत क्रिस्टीना आत्या उभी राहिली आणि कृपाच्या, म्हणजे माझ्या, पुण्यातल्या अ‍ॅडमिशनबद्दल उपकारस्तुती करा म्हणाली. पाळकसाहेबांनी विचारलं, "झालं का अ‍ॅडमिशन?" आत्या म्हणाली, "देवाकडं झालंय. पुन्याचं तेवढं बाकी हाय." सगळे आमेन म्हणाले. आता मागे फिरता येत नाही. फिरायचंय कुणाला म्हणा.

१८ जून
इंटरव्ह्यू उत्तम. लॅब पाहून आले, बेसिनमध्ये चेहरा दिसतो. समोर तिघं होते. मॅडमनी टायट्रेशनबद्दल विचारलं. थिअरी घडाघडा सांगितली. मग त्यांनी विचारलं, ब्युरेट हाताळताना काय काळजी घेतेस? खोटं कशाला बोलू? म्हणाले, ब्युरेट सर धरतात, काचेची नळी फुटू नये म्हणून. आम्ही लांबून बघतो आणि रंग बदलला की सगळे मिळून "झालं" म्हणतो. त्यांनी विचारलं, मग प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क कसे? म्हटलं, मला एकटीला नाहीत, सगळ्यांनाच आहेत.
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रामाणिकपणाची सवय नसली की माणसं अशीच अवाक होतात. मॅडमनी पाणी दिलं, परतीची एसटी किती वाजता आहे तेही विचारलं. एवढी काळजी नापास करायच्या मुलीची कोण करतं?

२७ जून
यादी लागली. माझं नाव नाही. वरून खाली, खालून वर पाहिलं. मोबाईल पुसून पाहिलं. चूक झाली असणार, फोन केला. चूक नाही.
पप्पा जेवले नाहीत. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलं होतं ना खरं बोलायला? ते म्हणाले, "व्हय. पण कुठं गप बसायचं ते पाचवीत होतं. तोवर तू शाळेत गेल्ती."

३० जून
निश्चय: झालं गेलं विसरून जुन्या कॉलेजला दुसरी संधी द्यायची. पहिल्या आलेल्या मुलीला नाही कोण म्हणेल?
ऑफिसने म्हटलं. टीसी काढली की नाव गेलं, आणि सेकंड इयरच्या जागा भरल्या. माझी जागा भंडारदऱ्याकडच्या चांगुणा नावाच्या मुलीने घेतली, ट्रान्स्फरने. बाहेर भेटली. तिनेही निबंध लिहिला होता म्हणे, हेच कॉलेज का हवं यावर. "लई भारी लॅब हाय ना? आमच्या तिकडं खोलीच न्हवती." तिला गच्चीवरच्या कुरडयासुद्धा आवडल्या.
मग विचारते, "ताई, तुमी कुठल्या वर्षाला?"
एसटी आली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

३ जुलै
आदिनाथ सरांना भेटले. चिडले नाहीत. कुणी सोडून गेलं तर बघू म्हणाले, आणि शिपायाला हाक मारून सेकंड इयरची वेटिंग लिस्ट करायला सांगितली. या कॉलेजात आजवर कधी वेटिंग लिस्ट लागली नव्हती, त्यामुळे ती कुठे चिकटवायची यावर बराच वाद झाला. शेवटी मुलींच्या टॉयलेटबाहेर लावली. तिथला वास सहन करत दोनदा वाचून आले.
यादीत एकच नाव आहे. इथेही मी पहिलीच.