कंपनीच्या खोक्यातली पुली

प्रिय अंगठेबहाद्दर,

या पत्रासोबत एक पुठ्ठ्याचं खोकं पाठवतोय. ते आधी उघडू नकोस. तुझी सवय मला पाठ आहे, आधी खोकं फोडणार, आतली वस्तू नाकाशी नेणार आणि कागद बाजूला टाकणार. या खेपेला उलट कर. मी दोन वर्षं टाळाटाळ केली आहे, तू दहा मिनिटं कळ काढ.

परवा दुपारी तुझी लेक गॅरेजवर आली होती. मला वाटलं गाडीचं काही काम असेल, तर तिने डिकीतून तुझी हत्यारांची पेटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, बाबांनी सांगितलंय काकांना देऊन ये, घरात गंजण्यापेक्षा बरी. मी पेटी उघडली. एकेक पाना पुसलेला, तेलाचा हात फिरवलेला, आकाराप्रमाणे ओळीने लावलेला, आणि दहाचा पाना चक्क त्याच्या जागेवर! तीस वर्षांत आपल्या गॅरेजात तो एकदाही वेळेवर सापडला नाही आणि दर वेळी तू त्याचं खापर माझ्यावर फोडलंस. म्हणजे तुझ्याच पेटीत होता तर. मला एवढं हसू आलं की विचारू नकोस. मग झाकण लावलं आणि मागच्या नळापाशी जाऊन उभा राहिलो. तुझ्या लेकीला वाटलं, मी हात धुतोय.

गॅरेज बरं चाललंय. शेजारचा वेल्डर अजून आपली शिडी नेतो आणि परत आणायचं विसरतो. गिऱ्हाईकं अजून तोच प्रश्न विचारतात, पार्ट कंपनीचा घालू की बाहेरचा, आणि मीही अजून तुझंच उत्तर देतो. जे फिरतं आणि जे थांबवतं ते कंपनीचं घ्या, बाकीचं बाहेरचं चांगलं बघून घेतलंत तरी चालेल. लोकांना वाटायचं तू कंपनीवेडा आहेस, पण तसं नव्हतं. आरसा, वायपर, एअर फिल्टर, सायलेन्सर, सगळं तू बिनदिक्कत बाहेरचं लावायचास. पायाखालच्या मॅटसुद्धा कंपनीच्याच हव्यात म्हणून अडून बसलेल्या त्या वकिलाला तू विचारलं होतंस, साहेब, बूट कोणत्या कंपनीचे आहेत? तो पुढे वर्षभर फिरकला नाही आणि मला तुझी बाजू सावरून घ्यावी लागली.

फक्त टायमिंग बेल्टपाशी तू कुणाचं ऐकायचा नाहीस. हा पट्टा सुटला तर इंजिनच्या आत काय होतं, ते तू गिऱ्हाइकाला दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून दाखवायचास. पट्टा आणि त्याला ताणून धरणारी पुली कंपनीचीच, नाहीतर गाडी घेऊन जा. आणि ताण द्यायचा तो तू. पट्टा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचास, पाव वळसा पिळायचास आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचास. त्यावरूनच तर मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायला लागलो, आणि माझी धावपळ बघून तू मला लगीनघाई. आपल्या दोघांची नावं अगदी बरोबर पडली होती रे, हे मला फार उशिरा कळलं.

टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईंची ती एकोणीस वर्षांची गाडी आठवते ना? आठवते का म्हणून काय विचारतोय, तू ती विसरू शकला असतास तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. बाई बेल्ट बदलायला आल्या होत्या. पट्टा मिळाला, पुली मिळेना. एवढ्या जुन्या गाडीचा माल आता मागवावा लागतो, आठ दिवस धरा, बाराही लागतील, असं दुकानदार म्हणाला. तू म्हणालास, थांबू. पण बाईंना दुसऱ्या दिवशी भावाला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं, आणि मी तुला न विचारता शब्द देऊन बसलो होतो. तू दात दाखवायला गेला होतास. मी दुकानात गेलो, काउंटरवर जी पुली होती ती उचलली. धड बाहेरच्या चांगल्या कंपनीचीही नव्हती, वर कसलं नावच नव्हतं. तू परत यायच्या आत ती बसवून टाकली. पुली बसवणं माझं काम आणि ताण देणं तुझं, ही आपली वाटणी. आणि मागच्या एका कामातलं कंपनीचं रिकामं खोकं फळीवर पडलं होतं, ते मी खाली काढून तुझ्यासमोर ठेवलं. तू खोक्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, मिळाली वाटतं. मी मान हलवली.

सात आठवड्यांनी बाईंची गाडी चढावर बंद पडली आणि दोरीला बांधून आली. बाई थरथरत होत्या, म्हणून तू त्यांना घरी सोडायला गेलास. तेवढ्या वेळात मी कव्हर उघडलं. पुलीचं बेअरिंग जाम झालं होतं, तापून निळं पडलं होतं आणि पट्टा दात सोडून सरकला होता. मी काय केलं ते आता तुला सांगतो. ती पुली मी काढून खिशात घातली. मग भंगाराच्या पेटीतून बाईंचीच जुनी, कंपनीची पुली शोधली आणि तिथे बसवली. ती मस्त फिरत होती. तीच राहू दिली असती तर बाईंची गाडी अजून वर्षभर तरी चालली असती, म्हणजे बघ.

तू परत आलास. पुली बोटाने फिरवून पाहिलीस, ती फिरली. सैल पडलेला पट्टा पाहिलास. मग स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघितलास आणि मला विचारलंस, ढिला ठेवला का रे मी? मी नुसता गप्प बसलो असतो तरी माझा गुन्हा निम्मा झाला असता. मी म्हणालो, असेल, वय झालं आता आपलं.

त्यानंतर तीन आठवडे तू ते इंजिन एकट्याने उभं केलंस, मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. शेवटचा ताण द्यायची वेळ आली तेव्हा मात्र बाजूला झालास आणि म्हणालास, तू दे. दुसऱ्या महिन्यात तू लेकीकडे राहायला गेलास. मी सगळ्यांना सांगत राहिलो की त्याला आता विश्रांती हवी होती. तुझ्याशी खोटं बोललो ते एकदाच, पण ते निभावायला रोज बोलत आलो. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. गाडी बिघडली म्हणून नव्हे, तर हे मी केलं असं कळल्यावर तू माझ्याकडे कसा बघशील, त्याला भ्यालो.

मागच्या वर्षी मी तुला भेटायला आलो होतो, तेव्हा पुली माझ्या खिशात होती. चहा घेतला, तुझ्या गुडघ्याची चौकशी केली, तू लावलेलं लिंबाचं झाड बघितलं आणि तसाच परत आलो. काल मात्र बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, मला कशाला सांगता, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. त्यांनी मला दारापर्यंत सोडायला येणंही टाळलं. तूही माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी तक्रार करणार नाही. ही हत्यारांची पेटी माझी नाही. तू म्हणशील तेव्हा तुझ्या दारात आणून ठेवीन, आणि तोंड बघायचं नसेल तर पायरीवर ठेवून निघून जाईन.

आता खोकं उघड. आत तीच पुली आहे, त्याच कंपनीच्या खोक्यात. तिच्यावर अंगठा ठेव आणि फिरवून बघ. फिरणार नाही. तुझा ताण बरोबर होता, पहिल्या दिवसापासून बरोबर होता. हे मी कदाचित अजूनही लिहिलं नसतं, एवढा मी भेकड आहे. पण परवा निघताना तुझी लेक दारात थांबली आणि सहज बोलून गेली, काका, बाबा आमच्या पोरीला कडेवर घेतच नाहीत हो, ती हात पसरून मागे लागते, तर म्हणतात नको, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तुझ्या हातांना काही झालेलं नाही रे. पुली बाजूला ठेव आणि जाऊन तिला उचल.

तुझाच, तू ठेवून घेशील तर,
लगीनघाई